उभे दंड

पुस्तकांच्या दुकानाच्या काचेत माझा ह उभा होता, आणि खाली प्रकाशनाचं नाव भलतंच होतं.

मी रस्ता ओलांडला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. ह माझाच. आतल्या वळणावर, जिथे रेघ मागे फिरते, तिथे एक बारीक खाच. अशी खाच असलेला ह माझ्या माहितीत दोनच ठिकाणी होता. एक, शहराच्या ग्रंथालयातल्या एका जुन्या पुस्तकाच्या पानावर. ज्यांनी तो धातूत कोरला आणि ज्यांनी छापला ते सगळे कधीच गेले. दुसरा माझ्या टेबलावरच्या कागदावर, आणि तो कागद अजून आमच्या खोलीबाहेर कोणाच्या हाती पडलेला नव्हता. मग हा तिसरा आला कुठून?

दुकानात जाऊन मी ते पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं. दुकानदार म्हणाला, "काही शोधताय का बाई?"

"चोर शोधतेय."

"रहस्यकथा वरच्या फळीवर आहेत," तो म्हणाला.

मला एवढा राग का आला ते कळायचं तर माझं काम आधी सांगायला हवं. मी अक्षरं काढते. जुन्या काळी शिशाच्या खिळ्यांनी छापलेली पुस्तकं घ्यायची, त्यांतल्या अक्षरांचा बांधा समजून घ्यायचा आणि त्यावरून आजच्या पुस्तकांसाठी नवा टाइप तयार करायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण जुन्या पानावर दिसतं ते कोरलेलं अक्षर नसतंच. ओल्या कागदावर शाई पसरलेली असते, खिळा झिजलेला असतो, छापणाऱ्याचा हात कधी जड पडलेला असतो. शाईच्या आत लपलेलं मूळ अक्षर ओळखायचं, ही आमची सगळी विद्या. ओळखलं तर पान वाचताना डोळा पाण्यावरून सरकल्यासारखा सरकतो. नाही ओळखलं तर जुन्या अक्षराचं भूत छापलं जातं.

या वेळचं काम मोठं होतं. एक प्रकाशक जुन्या गाजलेल्या पुस्तकांची मालिका नव्याने काढत होता, आणि तिच्यासाठी त्याला स्वतःचा टाइप हवा होता. मी ग्रंथालयातलं ते पान धरून बसले. त्यातल्या मथळ्याच्या ह ला खाच दिसली, आणि माझ्या लक्षात आलं की जुना कारागीर किती हुशार होता: वळणात शाई साठून अक्षर बुजू नये म्हणून त्याने ती मुद्दाम ठेवली होती. प्रकाशकाला हे सांगितलं तेव्हा तो इतका खूश झाला की मालिकेच्या जाहिरातीत ही खाचच छापू म्हणाला. त्याला मी नमुन्याचं पान दाखवलं होतं, पण माझ्यासमोर, आणि येताना परत घेऊन आले होते. त्याला हसू आलं. येऊ दे.

म्हणजे त्या ह ला हात लावलेलं माणूस माझ्याखेरीज एकच होतं. माझी धाकटी बहीण.

धाकटीवर संशय घ्यायचा म्हणजे स्वतःच्याच हातावर घेण्यासारखं. आई गेली तेव्हा ती फ्रॉकमध्ये होती. तिच्या वेण्या मी घातल्या, तिला बोरू धरायला मी शिकवलं, आणि ती मोठी झाल्यावर माझ्याच खोलीत समोरच्या टेबलावर येऊन बसली. मी पेन्सिलने वीतभर उंचीची अक्षरं काढायची, तिने ती संगणकावर उतरवायची आणि पुढे पानं बांधायची: कडेला मोकळी जागा किती, दोन ओळींत अंतर किती, वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांना लागत नाहीत ना. खोलीत नियम एकच. पडद्यावर एकही रेघ हलवायची नाही. जुन्या अक्षरांच्या उभ्या रेघा, ज्यांना आम्ही दंड म्हणतो, पट्टी लावून मारलेल्या नसतात. कमरेत किंचित बारीक असतात, हातच्या असतात. यंत्राने त्या सरळसोट केल्या की जीव गेला. म्हणून हाताने जसं उतरलं तसंच पुढे जायचं. आम्हा दोघींना दुसरं कोणी नव्हतं असं नाही, तिला संसार आहे, मला आहे. पण ती समोर नसेल तर मला काम सुचत नाही, हे खरं आहे. तिच्याशिवाय हा टाइप पुरा होणार नव्हता आणि बहुधा पुढचाही कुठला झाला नसता.

तरी मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

आणि एकदा चुकचुकली की मग सगळंच दिसायला लागतं. गेले काही महिने धाकटी दुपारी "जरा जाऊन येते" म्हणून बाहेर पडायची आणि बाह्यांना धूळ लागलेली घेऊन परत यायची. कुठे गेली होतीस विचारलं तर "इथेच" म्हणायची. मी तिच्या टेबलामागून गेले की पडद्यावरची खिडकी पटकन बदलायची. फोन आला की उठून जिन्यात जायची, आणि मी दार उघडलं की आवाज खाली आणायची. शेत राखायला ठेवलेलं कुंपणच शेत खातंय, दुसरं काय!

घरी नवऱ्याला सांगितलं. तो मला फौजदार म्हणतो, लग्न झाल्यापासून.

"फौजदारसाहेब," तो म्हणाला, "मागच्या महिन्यात तुझा संशय सुतारावर होता."

तो होताच. सुताराने माझ्या पुस्तकांचं कपाट वाकडं बसवलं होतं. मी तसं म्हणाले तर त्याने ओळंबा सोडून दाखवला आणि म्हणाला, "बघा बाई, दोरी आणि लाकूड एका रेषेत." दोरी मला सरळ वाटली नाही. त्या ओळंब्यातच काहीतरी लबाडी असणार, असं मी त्याच्या तोंडावर सांगितलं. दिवाणखान्यातली सासऱ्यांची तसबीरही रोज कोणीतरी तिरकी करत होतं. मी सरळ करायचे, नवरा मागून येऊन पुन्हा वाकडी करायचा आणि वर म्हणायचा, "आता सरळ झाली."

"या घरात माझ्यावर कोणाचा विश्वास नाही," मी म्हणाले.

"उलट बोलतेयस तू," नवरा म्हणाला आणि चहा ओतायला लागला. हल्ली चहा तोच ओततो. मी ओतला की बशीत सांडतो, म्हणे.

मी सापळा लावायचं ठरवलं. भ नव्याने काढायचाच होता. मी तो काढला आणि त्याचा दंड पट्टी धरून, मुद्दाम, अगदी थोडा उजवीकडे झुकवला. वाचणाऱ्याला कळणार नाही, पण मोजणाऱ्याला कळेल. असा भ कुठल्या जुन्या पानावर नव्हता, माझ्या दुसऱ्या कागदावरही नव्हता. तो फक्त धाकटीच्या हातात दिला. "हा शेवटचा," मी म्हणाले. "जपून उतरव."

तिने कागद घेतला आणि बराच वेळ पाहत राहिली. मग माझ्याकडे पाहिलं.

आता त्या चोराच्या पुढच्या पुस्तकात झुकलेला भ दिसला की झालं. मी रोज त्या दुकानावरून जायला लागले. दुकानदार मला पाहून हात जोडायचा आणि म्हणायचा, "अजून सापडला नाही का?"

पण चोराच्या पुस्तकाआधी आमच्याच पुस्तकाचे नमुने छापखान्यातून आले. मुखपृष्ठावर भ मोठा होता. मी तो झेरॉक्सवाल्याकडून माझ्या कागदाएवढा मोठा करून आणला, दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला धरले. वळण वळणावर बसलं, गाठ गाठीवर बसली. दंड बसेना. माझा दंड एकीकडे जात होता, छापलेला त्याला सोडून ताठ खाली उतरला होता.

म्हणजे तिने तो सरळ केला होता. नियम मोडून, न सांगता. आणि मला त्यात एकच अर्थ दिसला: तिला सापळा कळला. ज्याच्या मनात काही नसतं तो सापळे कशाला हुडकत बसेल? खाई त्याला खवखवे. मला फार वाईट वाटलं, पण खोटं कशाला सांगू, आत कुठेतरी बरंही वाटलं. माझं खरं ठरत होतं.

धाकटी आली तेव्हा दोन्ही कागद काचेला चिकटवलेले होते.

"भ तू हलवलास?" मी विचारलं.

ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून उभी राहिली. "हो."

"आपल्या खोलीत नियम काय आहे?"

"पडद्यावर एकही रेघ हलवायची नाही."

"मग?"

"मग काय. हलवली." तिने पर्स खाली ठेवली. "नुसता भ नाही ताई. प हलवलाय, न हलवलाय, ग, म, स, सगळे हलवलेत. गेल्या हिवाळ्यापासून."

चोरी पकडायच्या तयारीत होते मी, आणि ही भलत्याच गुन्ह्याची कबुली देत होती.

"माझी अक्षरं? मला न विचारता?"

"तू बस आधी."

"मी उभीच बरी आहे."

तिने माझ्या कप्प्यातून म चा मूळ कागद काढला, माझ्यापुढे ठेवला आणि त्यावर गुण्या ठेवला. गुण्याची एक कड शिरोरेषेला लावली, दुसरी दंडाला. वर दंड कडेला टेकत होता. खाली जाता जाता मधे पांढरी फट उघडत गेली होती.

"गुण्या वाकडा आहे," मी म्हणाले.

"ताई."

"प्लास्टिकचा आहे तो, उन्हाने वाकतात."

तिने स्टीलचा आणून दिला. मी तो स्वतःच्या हाताने लावला. फट तिथेच होती. प लावून पाहिला, न लावून पाहिला. सगळे एकाच बाजूला कलले होते, शाळेत रांगेत उभी केलेली दमलेली मुलं कलतात तसे. मी बसले.

"मला आधी वाटलं, जुन्या टाइपमध्येच कल असेल आणि तो तू बरोबर पकडला असशील," धाकटी म्हणाली. "तुझ्या नजरेवर अविश्वास कसा दाखवायचा? म्हणून ग्रंथालयात गेले. ग्रंथपालांच्या मागे लागून काचेची पेटी उघडायला लावली."

"त्याने तुला उघडून दिली?"

ते पुस्तक ग्रंथालयाच्या जिन्याशी काचेच्या पेटीत असतं, वर्षानुवर्षं त्याच पानावर उघडलेलं, कारण पाठ खिळखिळी झालीय. मी पेटी उघडायला सांगितली होती तेव्हा ग्रंथपालाने साफ नकार दिला होता. त्यालाही कारण होतं. त्याआधी मी त्याच्यावर पानं कापून विकतोस असा आरोप केला होता. म्हणून माझा सगळा टाइप त्या उघड्या जोडपानावरून, काचेबाहेरून काढलेल्या फोटोंवर उभा होता.

"चार-सहा वेळा गेले तेव्हा दिली," ती म्हणाली. "पानं उलटली. दंड ताठ आहेत ताई. कमरेत बारीक, पण ताठ. आणि..."

"आणि काय?"

"आणि ह ला खाच नाही. आधीच्या प्रकरणांच्या मथळ्यांत तोच ह आहे, धडधाकट. मधेच कधीतरी खिळा हातातून पडला असेल, चेपला असेल. पुढे तसाच छापत गेले."

"ती खाच शाईसाठी..."

"चेपलाय तो. आणि काचेबाहेर उभं राहून त्या पानाचे फोटो काढणारी तू एकटी नाहीस. मी पानं उलटत होते तेवढ्यात दोघांनी काढले. त्या पानावरून जो कोणी ह काढेल त्याच्या ह ला खाच येणारच."

चोर नव्हता. कोणी काही नेलं नव्हतं. माझ्यासारखंच कोणीतरी त्याच काचेपुढे उभं राहून, त्याच चेपलेल्या खिळ्याला कारागिराची हुशारी समजून घरी गेलं होतं. आणि बाह्यांवरची धूळ त्या पेटीतली होती.

"आणि फोन?" मी विचारलं. फौजदार मेला तरी चौकशी सुटत नाही.

"डोळ्यांच्या डॉक्टरांना. ते म्हणाले, सरळ रेघ वाकडी दिसत असेल तर डोळ्याच्या पडद्याला काही झालेलं असू शकतं, लवकर घेऊन या. पण तुला आणायचं कसं? तू डॉक्टरांनाच लबाड ठरवलं असतंस." तिने म चा कागद माझ्यापुढून उचलला. "मला वाटलं, सांगितलं तर तू पेन्सिल ठेवशील. काम सोडलंस तर तू काय करशील ताई? म्हणून गुपचूप सरळ करत राहिले."

मला कपाट आठवलं. तसबीर आठवली. ओळंबा आठवला. बशीतला चहा आठवला. माझ्या घरातली प्रत्येक सरळ गोष्ट मला महिनोन्‌महिने वाकडी दिसत होती आणि एकदाही मी संशय माझ्यावर घेतला नव्हता.

धाकटीने काचेवरचे दोन्ही कागद सोडवले. "आता भ बद्दल सांग," ती म्हणाली.

प्रश्न साधा होता आणि उत्तरं दोनच होती. तो मी मुद्दाम वाकवला असं म्हणाले तर तुझ्यासाठी वाकवला हेही सांगावं लागणार होतं. डोळ्यांवर ढकललं तर एवढ्यावर सुटका होती, आणि आता तर कोणीही विश्वास ठेवला असता.

"दिसलं नाही मला," मी म्हणाले.

तिने मान हलवली.

"तुझे सगळे दंड डावीकडे कलतात," ती म्हणाली. "एकूण एक. हा एकटाच उजवीकडे होता."

मी स्टीलचा गुण्या उचलून पुन्हा खाली ठेवला.

"त्या दुकानातला ह मीही पाहिला होता. तुला येऊन सांगणार होते, घाबरू नकोस, तो त्या पानावरून आलाय. तेवढ्यात तू मला भ दिलास. हातात घेतला तेव्हाच कळलं, तूही तो ह पाहिलायस."

"कळलं तरी सरळ केलास?"

"पुस्तक छापायचं होतं ना," धाकटी म्हणाली, पर्स उचलली आणि गेली. दारही हळू लावलं. आदळलं असतं तर बरं वाटलं असतं.

ती परत येईल की नाही याची त्या रात्री मला खात्री नव्हती. तसबीर मी तशीच राहू दिली. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो या वेळी फौजदार म्हणाला नाही. डॉक्टरांकडे उद्याच जाऊ, एवढंच म्हणाला.

सकाळी डॉक्टरांकडे जाण्याआधी मी खोलीवर गेले तर ती येऊन बसलेली होती. नेहमीच्या खुर्चीत, पडदा माझ्या बाजूला फिरवून. माझ्या टेबलावर कागदांची चळत होती. प्रत्येक कागदावर एकच अक्षर, दोनदा छापलेलं: डावीकडे मी काढलेलं, उजवीकडे तिने सरळ केलेलं. खाली एक रेघ.

"हे काय?"

"लपवून काही नको आता. एक रेघ हलवली तरी तू बघायची आणि खाली सही करायची. मग पुढे जाईल. नंतर कोणी कोणाला काही म्हणायला नको."

पहिला कागद ह चा होता.

"ही खाच डोळ्यांची चूक नाही," ती म्हणाली. "ती तुझी आवड आहे. ठेवायची की काढायची?"

"काढ. पडलेल्या खिळ्याची जखम आपण कशाला मिरवायची? प्रकाशकाला मी सांगेन."

तिने मान डोलावली आणि पेन पुढे केलं. मी सही केली. मग म आला, प आला, न आला. मी भिंगातून पाहत होते, मान तिरपी करून, कागद उजेडाकडे धरून. प्रत्येक वेळी डावं आणि उजवं अक्षर मला एकसारखं दिसत होतं. स्टीलचा गुण्या तिच्या टेबलावर होता. मागितला असता तर तिने दिला असता. मी मागितला नाही. जिने आयुष्यात भाजीवाल्याच्या तराजूवर विश्वास ठेवला नाही ती मी, जे मला दिसत नव्हतं त्याखाली सह्या करत होते.

शेवटी भ आला. हा तर मी स्वतः वाकवलेला. पट्टी धरून, ठरवून. बाकीचे नाही तरी निदान हा मला ओळखू यायला हवा होता. मी पुष्कळ पाहिलं. दोन भ शेजारी शेजारी उभे होते, दोन्ही सारखेच ताठ.

"झालं बघून?" तिने विचारलं. सकाळपासून तिने मला एकदाही ताई म्हटलं नव्हतं.

"झालं," मी म्हणाले आणि सही केली.

तिने कागद घेतला, सही नीट तपासून पाहिली आणि तो बाकीच्यांवर ठेवला.